धमकी शिव्यांसकट वाचायची

अण्णा, एक विचारायचं राहून गेलं. तुम्ही असताना विचारलं असतं, तर "अभ्यास झाला का?" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. आता काही तुम्हाला विषय बदलता यायचा नाही. म्हणून रविवारची भाजी गॅसवर ठेवून, ओट्यावरच वही उघडून, उभ्याउभ्या लिहितेय.

तुमच्या युनियनचा एक नियम होता. ज्याला धमकी येईल, त्यानं ती दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेच्या गेटवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. एक शब्दही गाळायचा नाही, शिव्यांसकट वाचायची. रोजंदारीवरच्यांना कायम करा, म्हणून तुमचा तो लांबलेला संप चालू होता. मी सहावीत होते आणि आपण अंबरनाथ पश्चिमेला चाळीत राहत होतो. चिठ्ठ्या दाराखालून यायच्या. कोण टाकायचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्ही चहा पितापिता चिठ्ठी वाचायचात, घडी घालून आईकडे द्यायचात आणि म्हणायचात, उद्या लागेल, नीट ठेव. तुम्ही साधे व्हॉल्व्हमन, वस्त्यांना पाणी सोडणारे, पण गेटवर उभे राहिलात की आवाज थेट हजेरीच्या खोलीपर्यंत जायचा. "तंगडं तोडू" असं वाचून तुम्ही थांबायचात आणि मान वर करून म्हणायचात, कुठलं ते काही लिहिलेलं नाही. माणसं हसायची. हसून झालं की त्या दिवशी तुमच्याबरोबर घरापर्यंत कोण चालणार, ते ठरायचं. झाडूखात्यातल्या बायकांचे हात सगळ्यात आधी वर जायचे. खिशात ठेवलेली धमकी ज्याच्या खिशात असते त्यालाच खाते, असं तुम्ही म्हणायचात, आणि मला ते तेव्हाही पटायचं.

तो पंपावरचा फिटर आठवतो? महिनाभर त्याला कुणी साधं दटावलंही नव्हतं. मग एक दिवस तोही चिठ्ठी घेऊन आला. त्याला वाचवेना, म्हणून तुम्ही वाचलीत. रक्त काय, मुडदा काय, सगळं होतं त्यात, आणि शेवटी सही करतात त्या जागी लिहिलेलं, "आपला आज्ञाधारक". रजेचे अर्ज लिहून लिहून हाताला लागलेली सवय, बिचारा धमकीतसुद्धा विसरला नाही. सगळं गेट लोटपोट झालं, मीसुद्धा. तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. चिठ्ठी पूर्ण वाचून तुम्ही त्यालाही दोन माणसं नेमून दिलीत, रोज घरी पोचवायला. रात्रीच्या जेवणाला आई चिडली, म्हणाली, त्याचं अक्षर शेंबडं पोर ओळखेल, मग ही नाटकं कशाला? तुम्ही आमटी वाढून घेत म्हणालात, "घाबरलाय तो. सरळ सांगायची लाज वाटली, म्हणून लिहून आणलं." तेवढंच. मी कितीदा हे वाक्य मनात घोळवलंय. घाबरलेला माणूस तुम्हाला लांबून कसा ओळखू यायचा, हो?

आता मी पालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे, आणि तुमची मुलगी म्हणून युनियनचं सेक्रेटरीपण माझ्या गळ्यात मारलंय. भांडण तुमचंच आहे, फक्त रोजंदारीला आता कंत्राटी म्हणतात. चिठ्ठ्या बंद झाल्या, आता फोनवर बोललेले मेसेज येतात. पहिल्या दोन धमक्या मी कागदावर उतरवून गेटवर वाचल्या. आमच्यातल्या तरण्या पोरींना आधी हे खूळ वाटलं. ताई, पोलिसांत द्या ना, म्हणाल्या. दिलं की! अर्जावर शिक्का मिळाला, बघतो म्हणाले. पण वाचून झालं तेव्हा वॉर्डातल्या आया न सांगता माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या, आणि त्या संध्याकाळी पाचजणी मला बदलापूरला दारापर्यंत सोडून गेल्या. एकीला तर उलटं अंबरनाथला परतायचं होतं. मला रडू आलं, अण्णा. तुम्हाला यायचं का?

तिसरी गुरुवारी आली. शांत, अदबशीर आवाज. एकही शिवी नाही. "मॅडम, बेटी का क्लास छह बजे छूटता है ना? आजकल जल्दी अंधेरा हो जाता है." मी ते दवाखान्याच्या जिन्यात ऐकलं आणि तिथंच पायरीवर बसले. नियमानं शुक्रवारी सकाळीच वाचायची, ती मी अजून वाचलेली नाही.

आणि म्हणून तुम्हाला विचारायचंय. त्या संपात, शाळा ऐन भरात असताना तुम्ही मला उचलून कुळगावला आत्याकडे ठेवलंत. चार महिने. मैत्रिणी सुटल्या, गॅदरिंगचा नाच सुटला, कारण कुणी सांगितलं नाही. मी तुमच्यावर वर्षानुवर्षं डूख धरला. काल आईकडे गेले आणि गुरुवारचं सांगितलं, तेव्हा ती बोलली. एक चिठ्ठी तुम्ही गेटवर वाचलीच नव्हती म्हणे. तिच्यात माझी शाळा होती, माझ्या रिबिनींचा रंग होता. तुम्ही ती स्टोव्हवर धरून जाळलीत. नियम तुमचा, आणि मोडलात तुम्हीच. मी म्हटलं, आणि तू गप्प बसलीस? तर म्हातारी फणकारली, "मी कशाला गप्प बसते? झाडूवाल्या बायकांना त्याच दिवशी सगळं सांगितलं."

तेव्हा मला उलगडलं. कुळगावच्या शाळेसमोर रोज दोन बायका पेरूची टोपली घेऊन बसायच्या. टोपलीत चार पेरू, आठवडाभर तेच. विकायची घाई नाही, गिऱ्हाईकाकडे लक्ष नाही. शाळा सुटली की टोपली उचलून माझ्या मागं मागं आत्याच्या गल्लीपर्यंत यायच्या. ह्यांचा धंदा चालतो तरी कसा, याचं मला भारी नवल वाटायचं. संपावरच्या बायका होत्या त्या, अण्णा, अंबरनाथहून पाळीपाळीनं येणाऱ्या. तुम्हाला हे माहीत होतं का? की आईनं तुमच्यापासूनही लपवलं? आणि ती चिठ्ठी का नाही वाचलीत? गेट माझ्यासाठीही उभं राहिलंच असतं. फिटरला लाज वाटली ती कळली तुम्हाला, मग तुमची स्वतःची?

मुलीला मी सकाळी सगळं ऐकवलं. ती सतरा वर्षांची आहे, कुणाच्या बापाला भीत नाही. म्हणाली, उद्या मीच येते गेटवर, लोकांना माझा चेहरा कळू दे. दवाखान्यातल्या पोरी तर म्हणाल्या, ताई, लिहीत कशाला बसता, मेसेज सरळ स्पीकरवर लावू. मी ठणकावून सांगितलं, स्पीकर नाही, आपल्यात कागदावरून वाचायची रीत आहे.

भाजी करपलीच थोडी. उद्याचा कागद तयार आहे, इथंच डब्याखाली ठेवलाय. मेसेज पूर्ण उतरवलाय, स्वच्छ अक्षरात, तो "मॅडम"सुद्धा. क्लासची ओळ तेवढी मी घातलेली नाही.