भोंग्यावरून जाहीर झालेलं माझं समाधान

इरबिद, शनिवार

थोरले बंधू हिकमतदादा यांना कुवेत मुक्कामी धाकट्या नाझिकचा सलाम. (एवढा मान पहिल्या ओळीपुरता. पुढे तू आहेस आणि मी आहे.) तुझी साखर ताब्यात असेल, गुडघा वाकत असेल, सुआदवहिनीचं ब्लडप्रेशर खाली आलं असेल, असं धरून चालते. आमचं विचारशील तर अल्हम्दुलिल्ला, सगळं बरं आहे. आणि हे मी कागदावर लिहितेय बरं का, तोंडाने मोठ्याने बोललेली नाही. तोंडाने बोलल्यावर काय होतं ते या आठवड्यात मी भोगलंय. भोगलंय काय, अख्ख्या गल्लीने ऐकलंय!

तुला माहीतच आहे, आपल्या रुबाला हाजी झुहैरांच्या नातवाचं, नसीमचं, स्थळ आलंय. मुलगा इंजिनियर, शांत, आणि मुख्य म्हणजे त्याचं नाव निघालं की रुबा चहात दोनदा साखर घालते. शुक्रवारी त्यांची जाहा यायची ठरली. घराण्यातले सगळे वडीलधारे मागणी घालायला दारात येणार म्हटल्यावर मी तोंडाला कुलूपच लावलं. बाप नसलेल्या पोरीचं लग्न, दृष्ट लागायला कितीसा वेळ? शेजारच्या वजीहच्या आईलाही सांगितलं नव्हतं. (तिला कळलं होतंच. मी सांगितलं नव्हतं, इतकंच.) आणि नेमकी मंगळवारी विद्यापीठातली एक पोरगी हातात टॅब्लेट घेऊन हजर! देशातले लोक किती समाधानी आहेत ते मोजायचंय म्हणे, चिठ्ठ्या टाकून घरं निवडलीत, त्यात तुमचं निघालं, नाव अगदी गुप्त राहील. मावशी, समजा एक दहा पायऱ्यांची शिडी आहे. वर उत्तमातलं उत्तम आयुष्य, तळाला वाईटातलं वाईट. तुम्ही कुठे उभ्या आहात?

आता तूच सांग दादा, हा काय प्रश्न झाला? भल्या घरातल्या बाईला विचारायचा? दहा म्हणावं तर संध्याकाळपर्यंत छत खाली यायचं. शून्य म्हणावं तर वरचा ऐकतोय, तो म्हणेल, बाई गं, डोळे दिले, घर दिलं, रुबासारखी लेक दिली, आणि शून्य? याला आकडा नसतोच, याला अल्हम्दुलिल्ला असतं, आणि तेच मी सांगितलं. तर म्हणते, मावशी, अल्हम्दुलिल्लाचा रकाना नाहीये. काय शिकवतात यांना, देव जाणे! शेवटी पाच म्हटलं. ना तुझं ना माझं. तेवढ्यात वजीहची आई आत आली, आमचं पातेलं परत करायला. (रमझानात नेलेलं पातेलं तिला त्याच घटकेला आठवलं.) बसली ऐसपैस आणि म्हणते कशी, “पाच? भाग्यवान गं बाई तू! आम्ही आपले तीनवर.” तीन! दारात नवी कोरी गाडी, मुलगा दुबईत, नवरा जिवंत, आणि ही तीनवर? मग मी पाचावर बसून काय हिच्या डोळ्यांत भरू? म्हटलं, पोरी, खोड ते, दोन लिही. ही म्हणते, आमचे दीडच समज, गाडीचे हप्ते आहेत. मी म्हटलं, एक! आणि तिथे थांबले, कारण त्याच्या खाली जायचं म्हणजे थेट देवाशी भांडण. पोरीने एक लिहिलं आणि उठता उठता सांगितलं की या काकूंचं घर निवडीत नाही, त्यांचा आकडा धरला जाणार नाही. म्हणजे बघ! मला खाली ढकलून ही बया शिडीला शिवलीच नव्हती!

शुक्रवारी मंडळी आली. अंगण काळ्या झग्यांनी भरून गेलं. आपल्या बाजूने मधल्या खुर्चीवर मुलीच्या मामाने बसायचं असतं, पण मामाच्या कंपनीत हिशेबतपासणी होती (त्या हिशेबांचं कधीच भलं होणार नाही), म्हणून तिथे वजीहचे वडील बसले. कॉफी फिरली. हाजींनी रीतीप्रमाणे कप समोर ठेवला. मुलगी दिली असं ऐकल्याशिवाय ते काही तो तोंडाला लावणार नव्हते. घसा खाकरून त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि बाहेर भोंगा वाजला. मला वाटलं, गॅसवाला. कुठला गॅसवाला! कुठल्याशा दानशूर संस्थेचा टेम्पो, आणि भोंग्यावरून माणूस ओरडतोय, “नाझिकबाईंचं घर कुठलं? समाधान एक! नाझिकबाई, समाधान एक! घाबरू नका, मदत आली आहे!” नाव गुप्त राहील म्हणाली होती ना? हे यांचं गुप्त! विद्यापीठवाल्यांनी दुःखी घरांची नावं या संस्थेला देऊन टाकलेली, आणि संस्थेने तांदूळ, तेल, एक घोंगडी आणि एक गृहस्थ पाठवलेला. गृहस्थ कशाला? तर आम्हाला हसायला शिकवायला!

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. जमीन दुभंगली असती तर चपला न घालता आत गेले असते. रुबाचा चेहरा पांढराफटक. हाजींनी कपाकडे बघितलं, मग मधल्या खुर्चीकडे. “अबू वजीह, या घरात आम्हाला न सांगितलेलं काही आहे का? मुलीच्या मनाविरुद्ध तर चाललं नाही ना? तसं असेल तर आम्ही आत्ता उठतो, कुणाला दोष नाही.” आणि वजीहचे वडील, जो माणूस एरवी रेडिओलाही बोलू देत नाही, ते मिशीला हात लावून गप्प! तेव्हा माझी लेक, जिने त्या दिवशी आवाजही बाहेर जाऊ द्यायचा नव्हता, ती दार ढकलून उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, “आजोबा, आईने एक सांगितलं कारण तुम्ही येणार होतात. तुमचा नकार आला असता तर ती सात म्हणाली असती.”

हाजी असे हसले की झगा खांद्यावरून घसरला. म्हणाले, नसीमला नोकरी लागली तेव्हा त्याची आजी आठवडाभर डोक्याला फडकं बांधून कण्हत होती, डॉक्टरसुद्धा फसला. सगळं अंगण हसलं. (हसायला शिकवणारा गृहस्थ तेवढा कोपऱ्यात अवघडून उभा होता.) मग त्यांनी रीतसर मागणी घातली, वजीहचे वडील छाती काढून “दिली!” म्हणाले, जशी काही पोर त्यांच्या खिशातच होती, आणि हाजींनी गार कॉफी एका घोटात संपवली. तांदूळ-तेल मी टेम्पोत परत चढवलं. घोंगडी मात्र वजीहची आई घेऊन गेली, तिच्याकडे फार थंडी आहे म्हणे.

रागात भलतंसलतं लिहून जाईन, म्हणून इथेच आवरते. वहिनीला सलाम, मुलांचे पापे.

तुझी,
नाझिक

ता.क. रजा मिळणं कठीण, पण लग्नाला वॉशिंग मशीन पाठवतोय, हा तुझा निरोप काल संध्याकाळी वहिनीने फोनवर पोचवला. पाठव. आलं की तसंच्या तसं वजीहच्या आईच्या दारात नेऊन ठेवते. “दिली” म्हटल्यावर सगळ्यांनी वजीहच्या वडिलांना मिठ्या मारल्या, आणि मी दाराआडून बघत राहिले. त्या मिठ्या तुझ्या होत्या, दादा. फार लागलं मला.

ता.क. दुसरा. आज सकाळी ती विद्यापीठातली पोरगी माफी मागायला आली होती. रडवेली झालेली, मग चहा पाजावा लागला. जाताना म्हणते, मावशी, तुमचा एक प्रश्न राहून गेलाय, फक्त हो किंवा नाही सांगा: अडचणीत धावून येईल असं तुमचं कुणी आहे का? वजीहची आई समोरच बसली होती, तरी मी घासाघीस केली नाही. हो म्हणाले, आणि कुणी विचारलं नसताना तुझं नाव सांगितलं. ऑलिव्ह उतरवून झाले की येणाऱ्या पहिल्या गुरुवारी लग्न आहे. मला खोटं पाडू नकोस.