वाचनालयाची जागा पुंजाजींची

मी, माणिकबाई रामराव गावंडे, वय ७३, सेवानिवृत्त ग्रंथपाल, राहणार बोरटाकळी, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझा मुलगा शेखर याला तसे वाटत नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. राग आहे.

१. राहते घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते मुलगी आचल हिला द्यावे. शेखरचा त्यात हिस्सा नाही. कारण इथेच लिहिते, म्हणजे तो कोर्टात भलतेच सांगणार नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, ग्रंथ छापायचा म्हणून चार वर्षे दर रविवारी वाचनालयात बसून मी गावातल्या घराण्यांचा इतिहास गोळा केला. लोक जुने फोटो, कागद आणत. मी त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करी. चतुराबाई वानखडे यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून एक दानपत्र आणले. वाचनालयाची जागा १९५८ साली त्यांचे सासरे पुंजाजी यांनी दिली होती. अट एकच, वाचायला येणाऱ्या कोणालाही अडवू नये. दारावरच्या फरशीवर मात्र दाता म्हणून माझे सासरे महादेवराव यांचे नाव कोरले आहे.

शेखर वाचनालयाचा अध्यक्ष. म्हणाला, "आई, हे छापलं तं आबाची इज्जत काय राहीन?"

"जेवढी व्हती तेवढी," मी म्हणाले.

त्याने ती पाने गाळून ग्रंथ छापला आणि दानपत्र वाचनालयाच्या कपाटात कोंडले. मला हे प्रकाशनाच्या आदल्या दिवशी कळले. प्रकाशनाला चतुराबाई नवे लुगडे नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वाचता येत नसल्याने त्यांनी नात नीलम हिला दोनदा सगळा ग्रंथ चाळायला लावला. मग भर सभेत मला विचारले, "मॅडम, आमचं पान कुठी हाय?"

माईक माझ्यासमोर होता. मी बोलले नाही. दिवाळीआधी त्या वारल्या.

२. गेल्या सोमवारी माझ्याकडच्या जुन्या किल्लीने कपाट उघडून मी दानपत्र काढले आणि नीलमला नेऊन दिले. ही चोरी असेल तर ती माझी एकटीची. नीलमने चहा विचारला नाही. म्हणाली, "काकू, आजी होती तवा कावून नाई आणलं?" सर्व रेकॉर्डिंग व वह्याही नीलमच्या. त्या वाचनालयाला देऊ नयेत.

३. ग्रंथाच्या साठ प्रती माझ्या घरात पडून आहेत. त्या शेखरला. प्रकाशक म्हणून त्याचेच नाव आहे त्यावर, त्यानेच वाचाव्यात.

४. फरशी बदलेपर्यंत माझा फोटो वाचनालयात लावू नये. आचलने याकडे लक्ष द्यावे.

५. अग्नी शेखरने द्यावा. शेवटी मुलगा आहे. पण शोकसभा घेऊ नये आणि "आईने वाचनालयाला आयुष्य वाहिले" असे कुठेही बोलू नये. आयुष्यात एकदाच बोलायची वेळ आली होती. तेव्हा मी मुलाच्या तोंडाकडे पाहिले.

सही : माणिकबाई रामराव गावंडे

आमच्या डोळ्यांदेखत बाईंनी वाचून सही केली.
साक्षीदार : १. देवमन सोळंके, निवृत्त शिपाई
२. आशाबाई काळमेघ, शेजारीण

बोरटाकळी, १७ फेब्रुवारी २०२५