प्रभारी प्रिन्सिपलचं यशस्वी वर्ष

३ मार्च २०२५
भाऊंनी, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांनी, केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, महेंद्र, वर्षाचा अहवाल तुम्हीच लिहा आणि एक मेला झेंडावंदनानंतर सगळ्यांपुढे वाचा. आधीचे प्रिन्सिपल दिवाळीत सोडून गेले, तेव्हापासून मी प्रभारी. अहवाल फक्कड झाला तर 'प्रभारी' गळणार असं भाऊ बोलले नाहीत, पण चहाचा कप स्वतः पुढे सरकवला. आपल्याला तेवढं कळतं.
संकल्प: रोज अहवालाचं एक पान. रोज अर्धा तास सान्वीचं गणित. आजपासून.
आज जरा दमलोय. उद्यापासून.

८ मार्च
पहिलं वाक्य जमलं. 'हे शैक्षणिक वर्ष सर्वार्थाने यशस्वी ठरले.' पुढचं सुचेना.
सान्वी म्हणाली, नोव्हेंबरपासून सातवीला गणिताला टीचरच नाहीत. लेक आमच्याच शाळेत असल्याचा हा तोटा, घरीही तक्रारपेटी. क्षिप्रा मॅडम कल्याणच्या शाळेत गेल्या, त्यांच्या तासाला मी 'स्वयंअध्ययन' सुरू केलंय. मुलं आपली आपण शिकतात. ती म्हणाली, मुलं नाव-गाव-फळ-फूल खेळतात. ते मी अहवालात 'सामान्यज्ञान' खाली घेतलं.

१७ मार्च, दु. २
एलसीचे, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचे, अर्ज यायला लागले. ऑफिसच्या विमलाबाई म्हणाल्या, चौदा झाले सर, गेल्या वर्षी आत्तापर्यंत तीनच होते. बाईंना आकडे लक्षात ठेवायची वाईट खोड. अहो, लोकांच्या बदल्या होतात, मानपाड्याच्या पुढे टॉवरमध्ये घरं घेतात. शिवाय दुसऱ्या शाळा आपली मुलं लगेच घेतायत, म्हणजे आपली मुलं तयार आहेत. चांगला मुद्दा आहे. टाकायचा.

३० मार्च, पाडवा
शोभायात्रेत शाळेचा चित्ररथ. साठ मुलं सांगितली होती, अकरा आली. मग शिक्षकांनाच टोप्या घालून टेम्पोत बसवलं. लांबून सगळे सारखेच दिसतात. फडके रोडवर भरपूर टाळ्या. त्या पुढच्या ढोलपथकाला होत्या, असं रुचिताचं म्हणणं. बायको हल्ली प्रत्येक गोष्टीला फाटे फोडते.
अहवाल: अजून पहिलंच पान. गणित: सणाच्या दिवशी नको.

११ एप्रिल
रुचिता पुन्हा म्हणाली, सान्वीच्या शाळेबद्दल बोलायचंय, दहा मिनिटं दे. बँकेतून दमून आलेली, तरी हेच. मी म्हटलं, एक मेनंतर. ती म्हणाली, तोपर्यंत उशीर होईल. मग मी गमतीत म्हटलं, एवढं अर्जंट असेल तर इतर पालकांसारखं लेखी दे ऑफिसात. ती हसली नाही. विनोदबुद्धी कमी होत चाललीय तिची.
सान्वी वही घेऊन आली होती. अपूर्णांकांचं काहीतरी. रविवारी बघू म्हटलं.

२२ एप्रिल, दु. ४
विमलाबाईंनी अर्ज आणि दाखल्यांचा गठ्ठा आणला. एकतीस. एका बैठकीत सगळ्यांवर सह्या ठोकल्या. एकही नाव वाचलं नाही. वाचलं की मन खचतं, आणि खचलेल्या मनाने यशस्वी वर्षाचा अहवाल लिहिता येत नाही. बाई दारात घुटमळल्या. म्हणाल्या, सर, वरचा तरी बघून घ्या. मी म्हटलं, माझा पालकांवर विश्वास आहे. त्या गठ्ठा उचलून गेल्या.
रात्री जेवताना रुचिता सारखी माझ्याकडे बघत होती. काय झालं विचारलं, तर म्हणाली, तूच सांग. मी अहवालाचं सांगितलं. ती उठून गेली.

२७ एप्रिल
परीक्षा संपली. आज सान्वी येऊन उगाचच गळ्यात पडली. कारण विचारलं नाही, चांगल्या गोष्टींची चौकशी करू नये. रुचिताही शाळेचा विषय काढत नाही. घर कसं शांत आहे.
अहवाल पूर्ण, दोन पानं. गणिताला एकदाही बसणं झालं नाही, पण आता परीक्षाच नाही, म्हणजे तो प्रश्न मिटला.

१ मे
झेंडावंदन झालं. अहवाल वाचला. भाऊंनी मध्येच घड्याळ बघितलं. शेवटी म्हणाले, छान, पुढचं वर्षही असंच प्रभारी म्हणून सांभाळा.
मग निकाल वाटले. सातवीच्या गठ्ठ्यात सान्वीचं निकालपत्र. गणितात काठावर पास. मागे एलसी टाचलेली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांची विनंती. खाली माझी सही, शिक्क्यासकट.
मला वाटलं, विमलाबाईंची चूक. त्यांनी अर्ज काढून दाखवला. अक्षर रुचिताचं.
घरी येऊन आवाज चढवला. रुचिता शांतपणे म्हणाली, लेखी दे म्हणालास, दिलं. तू वाचशील, घरी येऊन भांडशील, म्हणून त्या दिवशी जेवताना वाट बघत होते. नंतरही आठ दिवस बघितली. कल्याणच्या शाळेतली ॲडमिशन कालच पक्की केली.
सान्वी दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, तू सही केलीस ना, मला वाटलं तुला कळलं. मी आईला म्हटलंसुद्धा, बघ, बाबा चिडला नाही."
फार वाईट वाटलं. एकतीस पोरं गेली, त्यात माझी एक, आणि मी नावंसुद्धा वाचली नाहीत.
थोड्या वेळाने तिला म्हटलं, वही आण, अपूर्णांक घेऊ. अर्धा तास. आत्ताच.
ती म्हणाली, "राहू दे बाबा. क्षिप्रा मॅडम तिकडे पहिल्यापासून घेणार आहेत."