हेल्मेटमधला मोबाइल

१० नोव्हेंबर
हेल्मेटचा खरा उपयोग लोकांना कळतच नाही. आत मोबाइल खोचला की दोन्ही हात मोकळे. आज फुलचूरच्या दुकानातून घरी येईपर्यंत गाडीवरूनच दोन गिऱ्हाइकांना खत विकलं. एका हाताने मोबाइल धरून चालवणारे गधे मरतात ते बरोबरच.
सुशिला म्हणाली, असेच बोलून राहिले तर मी मागे बसणार नाही. बायकांना मल्टिटास्किंग समजत नाही.

१२ नोव्हेंबर
आमच्या पोरीला, भूमिकाला, कामठ्याचं स्थळ. चैतरामांचा भूपेंद्र. असं स्थळ पुन्हा येणार नाही, सुशिलाने देवाला नारळ बोललाय. शुक्रवारी आम्ही दोघांनी जाऊन बोलणी पक्की करायची.
संकल्प: गाडीवर फोन बंद. अर्जंट सोडून.

१४ नोव्हेंबर, सकाळ
निघतो. रस्त्यावर धान वाळवणाऱ्या अडाण्यांचा संताप येतो. दगड मांडून अर्धा रस्ता अडवतात. डांबर म्हणजे यांच्या बापाचं अंगण.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
चूक धानाची.
चैतरामांचा फोन आला. होणाऱ्या व्याह्याचा फोन, म्हणजे अर्जंटच. म्हणाले, दिसून राहिले तुम्ही, हळू घ्या, समोर माझं धान आहे. मी म्हटलं, टेन्शन नका घेऊ, माझं लक्ष असते.
आधी दगड लागला, मग धान. धानावर ब्रेक लागत नाही, हे कोणी सांगत नाही. मला खरचटलंही नाही. सुशिलाचा हात मोडला. चैतराम समोर उभे आणि हेल्मेटमध्येही तेच ओरडत होते, काऊन थांबले नाही म्हणून.

१७ नोव्हेंबर
सुशिला बोलत नाही. प्लास्टर हाताला आहे, तोंडाला नाही. तिच्याकडे पाहवत नाही, म्हणून दुकानातच बसतो.
चैतरामांचा निरोप नाही. रस्त्यावर धान वाळवायचं आणि वर भाव खायचा.

२१ नोव्हेंबर
मुलगी पसंत. रविवारी कामठ्याला साखरपुडा. मायलेकींना न्यायला भूपेंद्र कार आणणार. माझ्यासाठी निरोप: तुम्हीही कारमध्येच या, गाडी चालवू नका. मी नाही बसणार. मलाही मान आहे.

२३ नोव्हेंबर
काळीपिवळीने निघालो, ड्रायव्हरच्या शेजारी. पठ्ठ्या मोबाइल कानाला लावून खिदळत होता. पुढे रस्त्यावर धान दिसलं. म्हटलं, फोन ठेव. तो म्हणाला, टेन्शन नका घेऊ काका, माझं लक्ष असते.
तिथेच उतरलो. चालत पोचलो तोवर अंगठ्या घालून झाल्या होत्या.
इतक्या दिवसांनी सुशिला पहिल्यांदा बोलली. पायी काऊन आले, म्हणाली.
सांगितलं नाही.