डावीकडचा कार्बुरेटर

नागभीड, १४ नोव्हेंबर १९५७

यमाता यमाता यमाता यमाता— माझ्या शाळेत दोन बाकांवरची पोरं वृत्ताचे गण एका सुरात घोकायची, तेव्हा वरची कौलंसुद्धा डोलत. लष्कराच्या लिलावात घेतलेली माझी फटफटी पूर्वी तशीच चाले. दोन सिलिंडर, दोन कार्बुरेटर, एकच ताल! आता एक पुढे, एक मागे. हिच्यावर चिमूर कसं गाठू? बायकोला, गुणाबाईला, माहेराहून परत आणायचंय.

भावासोबत, रामाजीसोबत, माहेरी निघताना म्हणाली, "भिंतीसंगं बोलली असती तं तिनं तरी हुंकार देल्ला असता."

असं काय केलं मी?

१५ नोव्हेंबर

दोन कार्बुरेटरना दोन वेळूच्या नळ्या, दुसरी टोकं दोन्ही कानांना. हवा ओढल्याची सूंसूं दोन्हीकडे सारखी आली की जोडी जमली— माझी जुनी रीत. डावा दबका वाटतो. स्क्रू फिरवून उघडत गेलो. गाडी आणखीच खोकते!

शेजारची रंभा कुंपणावरून— "मास्तर, बायको आणाले जाता का तिची सवत नटवता?"

१६ नोव्हेंबर

तेच. खोकला.

१७ नोव्हेंबर

नळ्या खाली पडल्या. उचलताना कानांची अदलाबदल झाली, डाव्याची नळी उजव्या कानाला, आणि दबका झाला उजवा! पुन्हा बदलल्या. पुन्हा डावा.

कार्बुरेटर ठीक आहे. माझा डावा कान गेलाय. कधीपासून, कोण जाणे.

ओसरीवर गुणाबाई माझ्या डावीकडेच बसते, सूप घेऊन. तिची बहीण मंगली वारली, ते मला सकाळी रंभाकडून कळलं. मी रुसलो— आधी शेजारणीला सांगितलं म्हणून! आता उमगतंय. आदल्या संध्याकाळी ती मला बोलली असणार. रडलीही असेल. अन् मी उजवीकडे आभाळ बघत कविता गुणगुणत होतो.

१८ नोव्हेंबर

एकच नळी, एकच कान, आळीपाळीनं. जमलं! दोन्ही एका सुरात. ऐकायला घरात कुणी नाही. उद्या पहाटे निघतो. तिला काय म्हणावं? चार ओळी जुळवल्या, खोडल्या.

त्याच दिवशी, दिवेलागण

दारात रामाजी, धापा टाकत! "भाऊजी, गुणाबाई आली होती. फाटकातून दोनदा आवाज देल्ला. तुमी फटफटी पुसत गुणगुणत राह्यले, मान वर केली नाई. आता गाडीवानाले म्हणते, गाडी वळवा."

अनवाणी पळालो. बैलगाडी वळणाला लागली होती. बेंबीच्या देठापासून हाक मारली.

आधी बैल थांबले.