आमचं काही अडत नाही

३ मार्च, सोमवार

आईने आज घर असं आवरलं, जणू मला बघायलाच येणार होते! आली कोण – तपासणीवाली बाई. दर दोन वर्षांनी येते. मला आठवड्याला आठ तास सरकारी खर्चाने मदतनीस मिळते, ती चालू ठेवायची की नाही हे ठरवायला. आईने शौचाची खुर्ची गॅलरीत नेऊन चादरीखाली झाकली. मला उचलायचा पट्टा कपाटात कोंबला.

बाईने विचारलं, नाटकाच्या ग्रुपमध्ये तुम्ही नक्की काय करता?

प्रॉम्प्टर आहे, म्हटलं. विंगेत बसते. कुणी वाक्य विसरलं की हळूच सांगते.

"म्हणजे तुम्ही स्टेजवर नसता."

"मी नसले तर स्टेजवरचेही नसल्यासारखेच!"

हसली नाही. काहीतरी लिहून घेतलं. मग आईकडे वळली – मदतनीस नसेल तर जमेल का? मी डोळ्यांनी खुणावून दमले. आई म्हणते, "आम्ही आहोत ना! आमचं काही अडत नाही." आम्ही म्हणजे कोण? बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई एकाहत्तरची. वर त्या बाईला दोनदा चहा पाजला!

४ मार्च, मंगळवार

तालीम. तुफान साडेपाचला हजर. ही माझी मदतनीस, वाऱ्यासारखी चालते म्हणून तुफान. पलंगावरून खुर्चीत, खुर्ची लिफ्टमध्ये, मग बस, मग हॉलच्या त्या तीन मेल्या पायऱ्या. सगळं तिच्या जिवावर.

हिरो दुसऱ्या अंकात त्याच जागी अडकला, तीनदा. दिवसभर पोस्टात शिक्के मारतो, संध्याकाळी डोकं रिकामं. तिन्ही वेळा वाक्य मी दिलं. परत येताना तुफान म्हणाली, "तुम्ही ओठ न हलवता कशा हो बोलता?" अकरा वर्षं झाली, म्हटलं.

ते दोन तास मला कुणी गोळ्या घेतल्या का विचारत नाही.

११ मार्च, मंगळवार

पत्र आलं. "घरातील आधार पुरेसा. उपक्रमातील सहभाग प्रेक्षक स्वरूपाचा. मदतनिसाचे तास आजपासून बंद."

प्रेक्षक!! त्या बाईला एकदा विंगेत बसवायला हवं होतं.

तुफानने फोनवर ऐकलं आणि रडली. मी नाही रडले. मी आईवर ओरडले – कशाला बोललीस तसं? तर म्हणे, "परक्या बाईसमोर घरची अब्रू वेशीवर टांगू?"

अपील करता येतं. २४ तारखेला अकरा वाजता त्यांचा फोन येईल. पण घरी जो सांभाळतो त्याने स्वतः बोलायचं. म्हणजे आईने. झालं कल्याण.

१३ मार्च, गुरुवार

सात वाजले. तालीम सुरू झाली असेल. मी भिंतीला अख्खा दुसरा अंक म्हणून दाखवला.

१५ मार्च, शनिवार

दिग्दर्शकाचा फोन. प्रयोग २९ला. "तू आराम कर गं. माझी पुतणी बसेल वही घेऊन." आराम! झोपून झोपून पाठ सोलवटली आहे माझी, आणि हा आराम कर म्हणतो. वाईट माणूस नाही तो. म्हणूनच जास्त लागलं.

१८ मार्च, मंगळवार

सकाळपासून आईच्या डोक्यात एकच. "मी नेते तुला! ती तुफान येण्याआधी कोण उचलत होतं?" तेव्हा तू साठची होतीस गं. पण मलाही मोह झाला. खरं सांगते, मीच म्हटलं, चल.

पट्टा लावला. एक, दोन, तीन. अर्ध्यावर तिचे हात सुटले. मी खाली, ती माझ्यावर. पाऊण तास आम्ही तशाच. फोन टेबलावर. पलंगाखालची धूळ बघत होते. आई माझे केस सारखे करत होती आणि म्हणत होती, काही झालं नाही, काही झालं नाही.

शेवटी आमचं ओरडणं ऐकून शेजारीण आली. तिच्याकडे किल्ली असते. तिने वॉचमनला बोलावून मला वर घेतलं. जाताना नेहमीचं आहेच – "तुम्ही गेल्यावर हिचं कसं व्हायचं हो?"

डॉक्टरांना आईने सांगितलं, "हीच घसरली." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीही होकारार्थी मान डोलावली.

१९ मार्च, बुधवार

कंबर काळीनिळी. आई चहाचा कप दोन्ही हातांनी धरते आहे. मी बघितलं ते तिने बघितलं.

इथे एक वाक्य लिहिलं होतं. खोडलं. आईच्या हाती ही वही लागली तर मरेल ती.

२१ मार्च, शुक्रवार

आईसाठी वाक्यं लिहून काढली. मोठ्ठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय दिसतील अशी. "मला आता तिला उचलता येत नाही." एवढं एक तरी म्हण. हात जोडते तुझ्यापुढे.

"असं सांगू? माझी पोर मला जड झाली म्हणून?"

"मग काय सांगणार आहेस? आमचं काही अडत नाही?"

माझं अडतंय गं! ह्या चार भिंतींत मी संपून जाईन. हे मी मोठ्याने बोलले. ती कागद तिथेच टाकून कुकर लावायला गेली.

२४ मार्च, सोमवार

अकरा. फोन स्पीकरवर. पलीकडचा माणूस म्हणाला, "घरी त्यांना कोण उचलतं?"

आई गप्प. कागद हातात, पण नजर भलतीकडेच. मी विंगेतल्यासारखं हळूच दिलं – मला आता...

"मला आता," आई म्हणाली. आणि तिथेच अडकली.

पुढचं द्यायला मी तोंड उघडलं, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. कागद खाली टाकला.

"मंगळवारी ती पडली ना, ती घसरली नाही. मी पाडली तिला. डॉक्टरांशी मी खोटं बोलले, तुमच्या बाईंशीही बोलले. सगळे विचारतात, तुम्ही गेल्यावर हिचं कसं व्हायचं. अहो साहेब, मी असतानाच होत नाहीये."