एस. मोहिते म्हणजे सुमन

प्रिय सुमन,

आज सकाळी रेश्मा येऊन गेली. तू गेल्यानंतर भेटलेली, म्हणून तू तिला कधी पाहिलं नाहीस. आष्ट्याची मुलगी, सांगलीत राहून गवताळ माळांवर संशोधन करते. नुकताच छापून आलेला स्वतःचा शोधनिबंध दाखवायला ती मुद्दाम साताऱ्याला आली. तो वाचला आणि तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

आपल्या आद्याक्षरांनी किती घोळ घातला, आठवतं? तुझे सगळे निबंध ‘एस. मोहिते’ या नावानं छापले गेले. मी सदाशिव, रसायनशास्त्र शिकवणारा. मला गवतांतला पवना कुठला नि कुसळी कुठली, तेही कळत नसे. तरी माण तालुक्यातल्या माळावर चराई थांबली की कोणतं गवत आधी परत येतं, हे शोधल्याबद्दल अभिनंदन व्हायचं माझं! तुझ्या कामाचा आधार घेणारे बिनदिक्कत ‘मोहिते सर’ लिहायचे. मी खुलासा केला, तर ‘मॅडमची मदत झाली असेल,’ म्हणायचे.

मी चिडायचो. तू मात्र तुझी पाटणची बोली काढायचीस, “आवं, लय मनाला लावून घेताय. नाव कुणाचं का असंना, गवत उगवायचं थांबतंय व्हय?”

एकदाच तू हसली नाहीस. एका प्राध्यापकांना मी कळवलं, की हे काम माझ्या बायकोचं आहे. पुढच्या निबंधात त्यांनी तुझा संदर्भच गाळला आणि तुझंच म्हणणं, तुझ्यानंतर लिहिणाऱ्या एका गृहस्थांच्या नावावर घातलं. तू ते पान वाचलंस, मिटलंस. मग हळूहळू माळावर जाणंच कमी केलंस. का गं? भांडली का नाहीस? त्याचा राग अजून गेलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या एका परिषदेचं मला निमंत्रण आलं, ‘आपल्या’ गवतावरच्या कामाविषयी बोलायला. फोनवर नाही म्हणता आलं असतं, पण गेलो. माझ्या आधी रेश्मा बोलली. तीही ‘मोहिते सर’ म्हणाली, तसा मी उभा राहिलो.

“हे काम सुमन मोहिते यांचं आहे,” मी म्हणालो. “मी फक्त त्यांना दहिवडीच्या एसटीत बसवून द्यायचो.”

नंतर रेश्मा जवळ आली. डोळे भरलेले.

“काका, मी स्वतः बाई. तरी ही बाई असेल, असं माझ्या मनात का आलं नाही?”

तिनं घरी जाऊन आपली सगळी संदर्भसूची पुन्हा तपासली. आद्याक्षरांमागे कोण आहे, ते विचारत सुटली. ज्या बायकांचं काम वाचूनही उल्लेखायचं राहून गेलं होतं, त्यांना जागा दिली. तिचा निबंध तपासणाऱ्या एका परीक्षकानं सुचवलं, तुझ्यानंतर लिहिणाऱ्या त्या गृहस्थांचाच संदर्भ पुरे, ते अधिक परिचित आहेत. ती अडून बसली. ज्यानं आधी दाखवलं त्याचं नाव आधी, असं तिनं कळवलं आणि संपादकांनी ते मान्य केलं!

आज पहिल्याच परिच्छेदात तुझं पूर्ण नाव वाचलं. पुढच्या वाक्यात इंग्रजीतलं ‘शी’. एवढंसं सर्वनाम, पण मी त्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसलो.

येत्या रविवारी रेश्मा तिच्या विद्यार्थिनींना घेऊन माणात जाणार आहे. तुझे माळ दाखवायला मीही जाईन. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. त्या मुलींपैकी जिला जे सापडेल, ते तिच्याच नावानं ओळखलं जाईल, यासाठी मला जितकं भांडता येईल तितकं भांडेन. तू जे भांडली नाहीस, तेही त्यात धरून.

तुझाच,
सदाशिव